चयापचय संशोधनासाठी सामायिक एम.आर.आय. केंद्र : एक अभ्यास

गेल्या वर्षी विश्वस्त मंडळापुढे एक प्रस्ताव आला. शहरातील एक वैद्यकीय महाविद्यालय आणि एक संशोधन संस्था यांच्या सहभागाने ३ टेस्ला क्षमतेचे नवे एम.आर.आय. यंत्र आपल्या आवारात बसवावे, बहुतांश वेळ ते रुग्णांच्या निदानासाठी वापरावे आणि काही वेळ मधुमेह, स्थूलता, यकृतातील चरबी अशा चयापचयाच्या विकारांवरील संशोधनासाठी राखून ठेवावा, असा तो प्रस्ताव आहे. आपल्या सध्याच्या दीड टेस्ला यंत्राचे सुटे भाग मिळणे कठीण होत चालल्याने ते लवकरच निवृत्त करावे लागणार आहे. म्हणजे नवे यंत्र आले तर ते एकटेच असेल आणि दोन्ही कामे त्याच्यावरच येतील. मंडळाने घाईने निर्णय न घेता प्रशासनास अभ्यास करून टिपण देण्यास सांगितले. ज्यांच्या देणग्यांवर हे सारे उभे राहणार आहे त्यांना आणि ज्यांचे आप्त त्या यंत्राखाली जाणार आहेत त्यांनाही त्या टिपणाचा आशय कळावा, म्हणून तो येथे थोडक्यात मांडत आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकीय भाग आमच्या सहकारी डॉक्टरांनी वाचून दुरुस्त करून दिला आहे.

या अभ्यासाची सुरुवात मात्र प्रस्तावाच्याही आधी झाली होती. क्ष-किरण विभागातील एका डॉक्टरांच्या प्रबंधासाठी काही निरोगी स्वयंसेवकांच्या यकृताची तपासणी आपल्या सध्याच्या यंत्रावर सकाळच्या वेळी चालली होती. बाहेर बाकावर एक बाई आपल्या आईला घेऊन सात वाजल्यापासून बसल्या होत्या. आईच्या कंबरेचे दुखणे असह्य झाले होते. दार उघडले आणि आतून पंचविशीचा एक धडधाकट तरुण हसत बाहेर आला. त्या बाईंनी आमच्या कार्यालयात येऊन विचारले, "साहेब, त्याला झालंय तरी काय? आणि काही झालं नसेल, तर माझी आई बाहेर का?" आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते गुळमुळीत होते. पुढील सर्व विवेचन म्हणजे त्या प्रश्नाचे थोडे बरे उत्तर देण्याचा प्रयत्न समजावा.

यंत्राला काय दिसते

एम.आर.आय. यंत्रात क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरातील पाणी आणि चरबी यांत हायड्रोजनचे अणू असतात व प्रत्येकाचे केंद्रक एखाद्या इवल्याशा चुंबकासारखे वागते. ३ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साठ-सत्तर हजार पट प्रबळ क्षेत्र. त्यात ही केंद्रके ठराविक कंपनसंख्येला, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ कोटी ८० लाख कंपनांच्या रेडिओ लहरींना, प्रतिसाद देतात. या गुणधर्माचा शोध फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे लावला व १९५२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावरून चित्र काढण्याच्या पद्धतीसाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये तोच सन्मान लाभला.

चित्र काढणे हा या विद्येचा एक भाग झाला. चयापचयाच्या संशोधकांना दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. पाण्यातील हायड्रोजन आणि चरबीतील हायड्रोजन यांचा प्रतिसाद किंचित वेगळ्या कंपनसंख्येला येतो. फरक दहा लाखांत साधारण साडेतीन भागांचा, पण यंत्र तो ओळखते. यकृतात पाण्याचा संकेत किती व चरबीचा किती हे मोजले की यकृतात किती टक्के चरबी साठली आहे ते सुई न टोचता कळते. साधारण साडेपाच टक्क्यांच्या वर चरबी गेली तर ती वाढलेली मानतात. पूर्वी याची खात्री करण्यासाठी सुईने यकृताचा बारीक तुकडा काढावा लागे. तो तुकडा संपूर्ण यकृताच्या सुमारे पन्नास हजारावा भाग असतो, आणि तोच प्रयोग दर पंधरवड्याला पुन्हा करू द्या, असे कोणत्याही माणसाला सांगता येत नाही.

फॉस्फरसचे अणूही असाच प्रतिसाद देतात. स्नायूंमधील ऊर्जेचा सारा व्यवहार फॉस्फरसयुक्त रसायनांतून चालतो. माणसाला यंत्रात निजवून पायाने पट्टी दाबायला लावली की फॉस्फोक्रिएटिन हे रसायन घटत जाते आणि विश्रांती घेताच पुन्हा भरते. ते किती वेगाने भरते त्यावरून पेशींमधील ऊर्जा-केंद्रांचे आरोग्य कळते. ऑक्सफर्ड येथे जॉर्ज राडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मॅकआर्डल विकार असलेल्या एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूंची अशी परीक्षा करून दाखवली. निरोगी स्नायू श्रमाने आम्लधर्मी होतो. त्या रुग्णाचा होत नव्हता, कारण साठवलेल्या ग्लायकोजेनचे विघटनच तो करू शकत नव्हता. एक तुकडाही न काढता रोगाचे मूळ दिसले.

येथे खरेदीशी संबंधित एक बाब सांगितली पाहिजे. निदानासाठी विकले जाणारे नेहमीचे यंत्र फक्त हायड्रोजन ऐकते. फॉस्फरस ऐकण्यासाठी वेगळा प्रवर्धक, वेगळ्या कॉइल आणि ते चालवणारा भौतिकशास्त्रज्ञ लागतो. ही मागणी खरेदीच्या आदेशातच नमूद करावी लागते. यंत्र बसल्यावर "आता तेही जोडून द्या" म्हटले तर पुरवठादाराच्या हाती आपण आपली मान देतो.

अकरा माणसे, आठ आठवडे

अशा केंद्रातून निष्पन्न काय होते, हा प्रश्न विश्वस्तांनी रास्तपणे विचारला. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील उदाहरण आम्हांला सर्वांत बोलके वाटले.

अमेरिकेतील येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांच्या गटाने १९९० मध्ये कार्बनच्या चुंबकीय संकेतावरून दाखवले होते की, मधुमेही माणसाच्या स्नायूंत ग्लायकोजेन साठण्याचा वेग निरोगी माणसाच्या निम्म्याहूनही कमी असतो. तेथे काम करून आलेले डॉ. रॉय टेलर यांनी २००६ मध्ये न्यूकॅसल मॅग्नेटिक रेझोनन्स सेंटर स्थापन केले. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर वजन फारसे उतरण्याआधीच, काही दिवसांतच, मधुमेह्यांची साखर उतरते, हे तोवर वैद्यकांना ठाऊक झाले होते. टेलर यांचा तर्क असा की, श्रेय शस्त्रक्रियेचे नसून एकाएकी घटलेल्या आहाराचे आहे. यकृतातील आणि स्वादुपिंडातील चरबी प्रथम उतरत असावी.

तो तर्क त्यांनी अकरा माणसांवर तपासला. मधुमेह जडून चार वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या या अकरा जणांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवले. आरंभी, पहिल्या, चौथ्या व आठव्या आठवड्याला प्रत्येकाची तपासणी झाली. पहिल्याच आठवड्यात उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली. यकृतातील चरबी १२.८ टक्क्यांवरून आठ आठवड्यांत २.९ टक्क्यांवर आली आणि स्वादुपिंडातील ८.० वरून ६.२ वर. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे स्कॉटलंड व टाइनसाइडमधील सुमारे तीनशे मधुमेह्यांवर मोठी चाचणी झाली. २०१७ मध्ये तिचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष आले : आहार-उपचार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना मागे हटला होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. दुसऱ्या वर्षअखेर ४६ चे ३६ झाले, म्हणजे वजन पुन्हा वाढलेल्यांचा मधुमेहही परतला. ही कमी बाजूही देणगीदारांना माहीत असावी. (असा आहार वैद्यकीय देखरेखीशिवाय कोणीही घरी करू नये, अशी सूचना आमच्या डॉक्टरांनी येथे आवर्जून घालायला सांगितली आहे.)

हिशेबाच्या माणसाला यात एक आकडा विशेष दिसतो. अकरा माणसे गुणिले चार तपासण्या म्हणजे चव्वेचाळीस बैठका. प्रत्येकी दीड तास धरला तरी ६६ तास. मधुमेहासंबंधी वैद्यकाची समजूत पालटायला यंत्राचे एवढे तास कारणी लागले.

हा प्रश्न आपल्या दारातला आहे, हे पुण्याच्या कामावरून कळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते ३.५ किलो होते. पण पुण्याची ही हडकुळी बाळे त्या मानाने चरबी राखून होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र छापून आले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा ज्याला सडपातळ म्हणतो त्या आपल्या माणसाची चरबी कोठे दडते, यकृतात किती आणि स्वादुपिंडात किती, हे पाहण्याचे साधन म्हणजे हे यंत्र. इंग्लंडमधील स्थूल माणसांवरून निघालेले आकडे आपल्याकडच्या बारीक मधुमेह्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. ते मोजमाप येथेच व्हावे लागेल.

सकाळ कोणाची

सामायिक केंद्राचा विचार करताना आमचा पहिला, साळसूद विचार असा होता की, रुग्णांची गर्दी ओसरल्यावर, संध्याकाळी सातनंतर, संशोधकांनी यंत्र वापरावे. कोणाचेच नुकसान नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चुंबकीय अनुनादाची राष्ट्रीय सुविधा आहे. बाहेरचे शास्त्रज्ञ तेथे आपले नमुने घेऊन जातात व ठरवून दिलेल्या वेळी काम करतात. तसेच येथे का नसावे?

उत्तर आमच्या मधुमेहतज्ज्ञांनी दिले. परीक्षानळीतील नमुना रात्री अकरापर्यंत थांबू शकतो, उपाशी माणूस थांबू शकत नाही. यकृत रात्रभराच्या उपवासात स्वतः साखर तयार करून रक्तात सोडत असते, जेवणानंतर तेच यकृत साखर साठवू लागते. दोन माणसांची किंवा एकाच माणसाची दोनदा तुलना करायची तर दोन्ही वेळा अवस्था सारखीच हवी, आणि ती खात्रीने मिळते सकाळी, उपाशीपोटी. जेवणानंतरचे बदल पाहायचे असले तरी सुरुवात सकाळपासूनच करावी लागते. म्हणजे संशोधनाला नेमके तेच तास हवेत, ज्यांवर रुग्णांचा सर्वाधिक भार असतो. बाह्यरुग्ण विभागातून चिठ्ठ्या सकाळी येतात, आंतररुग्णांच्या फेऱ्या सकाळी होतात, आणि भूल देऊन ज्यांची तपासणी करावी लागते ती लहान मुलेही सकाळी उपाशीच आणावी लागतात.

उरलेले तास संशोधनाला देतो, असे म्हणणाऱ्या संस्थेला संशोधन करायचे नसते. तिला फक्त फलक लावायचा असतो. हे वाक्य थोडे कडक झाले आहे, पण ते तसेच ठेवतो.

आता पैशाची बाजू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, कोणत्याही दरपत्रकातील नाहीत. यंत्र व खोली मिळून १० कोटी रुपये लागले, यंत्राचे आयुष्य दहा वर्षे आणि वर्षाला ३०० दिवस काम, असे धरू. दिवसाला दहा तास चालल्यास दहा वर्षांत ३०,००० तास होतात. तासाला ३,३३३ रुपये घसारा. देखभाल करार वर्षाला ७० लाखांचा धरला तर तासाला आणखी २,३३३. एकूण ५,६६६ रुपये. वीज, पगार वेगळे. हेच यंत्र दिवसाला सहाच तास चालले तर तासाचा खर्च ९,४४५ रुपयांवर जातो. भागीदारांनी तास विकत घेतले तर रुग्णावरचा बोजा हलका होतो, हा प्रस्तावाच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. यंत्र देणगीतून आले म्हणजे घसारा माफ होतो, अशी समजूत अनेकदा दिसते. दहा वर्षांनी तेच यंत्र पुन्हा घ्यायचे असते. दरवर्षी बाजूला पैसे टाकले नाहीत तर त्याच देणगीदारांच्या दारात पुन्हा जावे लागते, आणि तोवर त्यांपैकी काही जण हयात नसतात.

याबाबत आम्हांला एक जुना अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी हाडांची घनता मोजणारे यंत्र आम्ही एका संस्थेसह सामायिक घेतले. करारनामा अर्ध्या पानाचा. त्यात सद्भावना, सहकार्य, समाजहित असे सर्व शब्द होते. क्ष-किरण नळी निकामी झाल्यास खर्च कोणी करावा, एवढे नव्हते. नळी गेली. चौदा महिने यंत्रावर पांढरी चादर होती. त्या काळात दोन्ही बाजूंनी एकमेकांस लिहिलेली पत्रे अत्यंत सभ्य आहेत. दप्तरात आजही पाहता येतील.

मसुद्यातील अटी

त्यामुळे या वेळी यंत्राआधी करारनाम्याचा मसुदा तयार केला आहे. आठवड्याचे साठ तास धरून मंगळवार व गुरुवार सकाळी सात ते अकरा, असे आठ तास, म्हणजे साधारण १३ टक्के, संशोधनासाठी राखावेत. चाचणी-नमुने तपासणे, कॉइल जुळवणे ही उपाशी माणूस न लागणारी कामे संध्याकाळी करावीत. राखलेला तास भागीदाराने वापरला नाही तरी त्याचे शुल्क द्यावे. सात दिवस आधी परत केल्यास तो रुग्णांना जाईल व शुल्क माफ होईल. संशोधन अनुदाने मुदतीची असतात, म्हणून दोन अनुदानांमधील रिकाम्या काळाचा खर्च कोणी सोसायचा, हेही कलम घातले आहे. त्यावर दोन्ही भागीदारांची अद्याप कुरकुर आहे.

मेंदूचा झटका, मज्जारज्जूवरील दाब, अशी निकड आली तर मंगळवार असो वा गुरुवार, स्वयंसेवक उठेल व रुग्ण आत जाईल. बारा तास उपाशी राहिलेल्या माणसाचा तो दिवस वाया जाईल. गेलेले तास भागीदारास पंधरा दिवसांत भरून दिले जातील. निकड आहे की नाही हे त्या वेळी कामावर असलेले क्ष-किरणतज्ज्ञ ठरवतील. संशोधनप्रमुख ठरवणार नाहीत, प्रशासनही नाही. ओळखीच्या रुग्णासाठी आलेला दूरध्वनी ही निकड नव्हे. हा दूरध्वनी बहुधा कोणाकडून येतो हे विश्वस्त मंडळ जाणते, आणि मंडळानेच हे कलम हसतमुखाने मान्य केले, हे येथे कृतज्ञतेने नोंदवतो.

धर्मादाय रुग्णालयांसाठीच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. या रुग्णांच्या तपासण्या संशोधनाच्या वेळेमुळे रात्रीच्या पाळीत ढकलल्या जाणार नाहीत, असे स्वतंत्र कलम आहे. दर महिन्याची प्रतीक्षायादी, निःशुल्क रुग्णांची वेगळी मांडून, सूचनाफलकावर लावली जाईल.

स्वयंसेवकांविषयी : भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक प्रकल्प नैतिकता समितीकडून संमत व्हावा लागतो, संमतीपत्र स्वयंसेवकाला समजणाऱ्या भाषेत असावे लागते आणि संशोधनामुळे इजा झाल्यास उपचार विनामूल्य करावे लागतात. एक अवघड प्रश्न त्यापलीकडचा आहे. यकृताची चरबी पाहताना निरोगी समजल्या गेलेल्या माणसाच्या मूत्रपिंडात गाठ दिसली तर? संशोधकाची नजर चरबीवर असते. म्हणून प्रत्येक संशोधन-चित्र दहा दिवसांत क्ष-किरणतज्ज्ञाने पाहावे आणि अशी बाब कळवावी की नाही हे स्वयंसेवकाने आधीच लिहून द्यावे, असे सुचवले आहे. क्ष-किरणतज्ज्ञाच्या त्या वेळेचे पैसेही भागीदारांनी द्यायचे आहेत.

सुरक्षेच्या बाबतीत सवलत नाही. अतिवाहक चुंबक वीज गेली तरी चालूच असतो. रात्री, सुट्टीच्या दिवशी, दिवे बंद असतानाही. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर आत नेल्याने एका नातेवाइकाचा मृत्यू झाला. संशोधन विद्यार्थी, नवखे सहायक यांची ये-जा वाढली की धोका वाढतो. प्रशिक्षण घेऊन लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणालाही आतल्या दाराची किल्ली मिळणार नाही; यात भागीदार संस्थांचे प्राध्यापकही आले. चुंबक उणे २६९ अंशांवर राखणाऱ्या द्रवरूप हेलियमच्या शीतयंत्रणेला अखंड वीज लागते, तेव्हा स्वतंत्र जनित्राची तरतूद अंदाजपत्रकात धरली आहे.

त्या बाकावरच्या बाईंना आम्ही नंतर पत्र लिहिले. त्यांच्या आईची तपासणी त्याच दिवशी साडेअकराला झाली होती व पुढे शस्त्रक्रियाही झाली. त्या तरुणाला काहीही झालेले नव्हते, हे आम्ही त्यांना मोकळेपणाने लिहिले. तो निरोगी असल्यामुळेच त्याच्या यकृताशी आजारी यकृताची तुलना करता येते, हेही लिहिले. त्यांचे उत्तर चार ओळींचे आले. त्यात त्यांनी म्हटले होते की, त्या दिवशी बाकापाशी हे कोणी सांगितले असते तर बसणे सोपे गेले असते. मसुद्याचे शेवटचे कलम त्यावरून घातले आहे : मंगळवारी व गुरुवारी सकाळी प्रतीक्षाकक्षात मराठीत फलक असेल, आत काय चालले आहे ते त्यावर लिहिलेले असेल आणि विचारणाऱ्याला सांगण्यासाठी एक कर्मचारी तेथे उपस्थित राहील.

करारनाम्याचा मसुदा व खर्चाचे तक्ते रुग्णालयाच्या कार्यालयात कामकाजाच्या वेळेत पाहावयास ठेवले आहेत. सूचना लेखी द्याव्यात; विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत त्या मसुद्यासोबत वाचल्या जातील.